उभ्या गाडीतली टकटक

प्रश्न : आम्ही दोघं दरवर्षी मुलाकडे न्यू जर्सीला पाच-सहा महिने जातो. आमची २०१४ ची डिझेल स्विफ्ट डिझायर तेवढा काळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. मागच्या ऑक्टोबरमध्ये परत येऊन गाडी सुरू केली, तर बॉनेटखालून मोठ्याने टकटक ऐकू येऊ लागली. दोन दिवस गाडी फिरवल्यावर टकटक थांबली. दरम्यान गॅरेजमध्ये सांगितलं की हायड्रॉलिक टॅपेट बसलेत, हेड उघडावं लागेल. आम्ही उघडू दिलं नाही. आता एप्रिलमध्ये पुन्हा निघायचं आहे. शेजारचे काका दर रविवारी पाच मिनिटं गाडी सुरू करून ठेवायला तयार आहेत. तेवढं पुरेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हेड उघडू दिलं नाहीत, हे फार चांगलं केलंत. गाडी चालवल्यावर जो आवाज आपोआप जातो, त्यासाठी हेड उघडायचं नसतं. काकांचा रविवारचा बेत मात्र रद्द करा. त्यांचा हेतू चांगला आहे, पण पाच मिनिटांनी फायदा होणार नाही आणि थोडं नुकसान होईल. असं का, ते नीट सांगतो. हा टॅपेट आत काय करतो हे एकदा कळलं की पुढचे बरेच निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

तुमच्या गाडीत फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे. २००७ मध्ये ते डिझेल स्विफ्टबरोबर मारुतीकडे आलं आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होईपर्यंत टिकलं. टाटा व्हिस्टा, फियाट पुंटो, लिनिया या गाड्यांतही हेच इंजिन होतं आणि पुण्याजवळ रांजणगावला ते तयार होत होतं. त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न पडणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या वाट्याला एक हायड्रॉलिक टॅपेट. कॅमशाफ्टचा उंचवटा फिरत येतो आणि रॉकरला दाबतो. रॉकरचं एक टोक टॅपेटवर टेकलेलं असतं, दुसरं व्हॉल्व्हच्या दांड्यावर. टॅपेट आपल्या जागी घट्ट राहिला तरच कॅमचा दाब व्हॉल्व्हपर्यंत पोचतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. टॅपेट खचला तर मधे फट पडते, आणि ती फट प्रत्येक फेरीला आपटून बुजते. तीच तुम्ही ऐकलेली टकटक.

हा टॅपेट म्हणजे एक छोटं पोलादी नळकांडं. त्याच्या आत एक दट्ट्या, दट्ट्याखाली स्प्रिंग आणि ऑइल एकाच दिशेने जाऊ देणारी बारीकशी गोळी. इंजिन चालू असताना पंपाने ढकललेलं ऑइल गोळीला बाजूला सारून दट्ट्याखाली शिरतं. वरून कॅमचा दाब आला की गोळी भोक बंद करते आणि ऑइल आत कोंडलं जातं. द्रव जवळजवळ दबत नसल्यामुळे टॅपेट ताठ राहतो. गावाकडच्या हातपंपाच्या तळाशी असाच एक व्हॉल्व्ह असतो. पाणी वर येऊ द्यायचं, परत खाली जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. पंप बरेच दिवस कोणी हापसला नाही की पहिले काही दांडे कोरडे जातात आणि मग पाणी लागतं. तुमच्या इंजिनात ऑक्टोबरमध्ये हेच घडलं.

दट्ट्या आणि नळकांड्याची भिंत यांच्यात काही मायक्रॉनची फट मुद्दाम ठेवलेली असते. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून ती केवढी बारीक हे लक्षात येईल. व्हॉल्व्ह दाबला गेला की त्या फटीतून अगदी कणभर ऑइल बाहेर झिरपतं आणि पुढच्या क्षणी भरून निघतं. या झिरपण्यामुळेच इंजिन गरम होऊन भाग प्रसरण पावले तरी टॅपेट स्वतःची उंची जुळवून घेतो. मात्र इंजिन बंद झाल्यावर भरून काढणारा पंपही बंद असतो, आणि झिरपणं चालूच राहतं.

आता एक गोष्ट मला सांगायचीच आहे, कारण इतकी सुंदर गोष्ट गॅरेजमध्ये सहसा कोणी सांगत नाही. चार सिलिंडरचं इंजिन बंद केल्यावर वाटेल तिथे थांबत नाही. शेवटच्या फेरीत एका सिलिंडरमध्ये हवा दाबली जात असते, ती पिस्टनला मागे ढकलते, आणि चारही पिस्टन साधारण अर्ध्या वाटेवर येऊन स्थिरावतात. जुन्या गाड्यांच्या फ्लायव्हीलच्या रिंगचे दात समोरासमोरच्या दोन जागीच जास्त झिजलेले दिसतात ते यामुळेच. स्टार्टर दरवेळी तिथेच दात धरतो. या स्थितीत एक सिलिंडर हवा आत घेण्याच्या मध्यावर असतो आणि एक धूर बाहेर टाकण्याच्या मध्यावर. म्हणजे सोळापैकी चार व्हॉल्व्ह उघडे असतात, आणि त्या चारांच्या ताकदवान स्प्रिंग चार टॅपेटना सतत दाबून ठेवतात. तेवढे चार हळूहळू खचतात. उरलेल्या बारांवर तो भार नसतो, त्यामुळे त्यांच्यातलं ऑइल बराच काळ टिकतं. रोज सकाळी पहिल्या एक-दोन सेकंदांत येणारी बारीक टिकटिक या चारांचीच असते आणि ती निर्धास्तपणे सोडून द्यावी.

सहा महिन्यांत त्यात आणखी तीन गोष्टी मिळतात. हेडमधल्या वाटांतलं ऑइल उतरून तळाच्या चेंबरमध्ये जातं, त्यामुळे टॅपेटपर्यंत आधी हवा पोचते आणि मग ऑइल. हवा द्रवासारखी ताठ राहत नाही, दबते. म्हणून टॅपेट मऊ पडतो. दुसरं, वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, आम्ल आणि थोडं पाणी असतं. उभ्या गाडीत त्याचा चिकट थर बसतो, आणि गोळीभोवती किंवा दट्ट्यावर तो बसला की टॅपेट अडखळतो. तिसरं फिल्टरचं. बऱ्याच ऑइल फिल्टरमध्ये ऑइल परत खाली उतरू नये म्हणून रबराचा एक पडदा असतो. स्वस्त फिल्टरमधलं रबर उष्णतेने कडक होतं, मग पडदा नीट बसत नाही आणि फिल्टर रिकामा होतो. अशा वेळी सुरुवातीचं सगळं ऑइल आधी फिल्टर भरण्यात खर्च होतं.

रविवारच्या पाच मिनिटांचा दोष इथेच आहे. एक लिटर इंधन जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बरंचसं सायलेन्सरवाटे जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं तर ती पुन्हा उडून जाते. जागेवर उभ्या डिझेल इंजिनाचं ऑइल पाच मिनिटांत कोमटसुद्धा होत नाही. म्हणजे दर रविवारी थोडं पाणी आत जाणार आणि बाहेर काहीच जाणार नाही. त्यात जून ते सप्टेंबर पुण्याची हवाही दमट. सहा महिन्यांनी हेच ऑइल टॅपेटना प्यायला मिळणार. शिवाय प्रत्येक सुरुवातीला बॅटरीतून जेवढं घेतलं जातं, तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही.

काका गाडी बाहेर काढायला तयार असतील, तर मात्र त्यांना जरूर किल्ली द्या. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पंचवीस-तीस किलोमीटर, त्यातला काही भाग मोकळ्या रस्त्यावर. पाण्याचा काटा मधे आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. ऑइलला त्याहून जास्त वेळ लागतो. हे जमणार नसेल तर गाडी अजिबात सुरू न करता ठेवणं जास्त चांगलं. काही जण क्रँकशाफ्टला पाना लावून इंजिन हाताने थोडं फिरवायला सांगतात. टॅपेटच्या दृष्टीने त्यात फायदा नाही. आधीचे चार खचलेले असतातच. फिरवल्यावर दुसरे चार दाबाखाली येतात आणि पंप तर बंदच असतो.

खरं काम निघण्याच्या आदल्या आठवड्यात करायचं आहे. ऑइल आणि फिल्टर तेव्हा बदला, परत आल्यावर नाही. लोक उलट करतात, कारण उभ्या गाडीत नवं ऑइल घालणं त्यांना वाया घालवल्यासारखं वाटतं. पण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि पाणी सहा महिने धातूला लागून राहणं हेच महागात पडतं. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच ऑइल घ्या, फिल्टर खात्रीच्या दुकानातून मूळ कंपनीचा घ्या, आणि बदलल्यावर एकदा लोणावळ्यापर्यंत जाऊन या. त्याने नवं ऑइल प्रत्येक टॅपेटमध्ये पोचतं आणि जुनं धुऊन निघतं. मग डिपस्टिकवर पातळी पाहा. वरच्या खुणेच्या वर ऑइल नको. जास्त झालं तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हवा जाणार नाही असं प्लास्टिकचं कव्हर घालू नका. उंदीर, टायर, हँडब्रेक यांच्याविषयी वेगळं लिहावं लागेल, आज टॅपेटपुरतं.

परत आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे पूर्ण चार्ज असलेली बॅटरी. इंजिनाचा ऑइल पंप क्रँकशाफ्टवरच चालतो. बॅटरी अर्धवट असली की सेल्फ संथ फिरतो, पंपही संथ फिरतो आणि ऑइल वर पोचायला वेळ लागतो. ऑइलची पातळी पाहा, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलंय का पाहा, आणि मग सेल्फ मारा. सलग दहा सेकंदांहून जास्त नको; नाही लागली तर मिनिटभर थांबून पुन्हा. गाडी लागली की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. तुमच्या गाडीला टर्बो आहे आणि त्याच्या बेअरिंगलाही हेच ऑइल हवं आहे. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत आणि त्यानंतर मिनिटभर इंजिन आपल्या गतीने चालू द्या. आवाज ऐकून घाबरून रेस करण्याची इच्छा होते, ती आवरा.

पेट्रोल गाडीवाल्या वाचकांसाठी एक सोय आहे. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर इंधन तोडलं जातं. इंजिन लागत नाही पण फिरतं, आणि ऑइल वर चढतं. तुमच्या मॉडेलमध्ये ही सोय आहे का ते पुस्तकात पाहा. डिझेलमध्ये मात्र इंधनाचे फ्यूज काढून असे प्रयोग करू नका. कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. तो कोरडा फिरला तर टॅपेटच्या आवाजापेक्षा खूप मोठा खर्च निघेल.

सुरू झाल्यावर काही सेकंद, कधी काही मिनिटं टकटक आली तर येऊ द्या. तुमच्या इंजिनात टायमिंग चेनचा ताणही ऑइलवर चालणारा भाग धरतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन सेकंदांत खळखळही ऐकू येईल. गाडी हळू बाहेर काढा, तीस-एक किलोमीटर चालवा. एवढं करूनही टिकटिक राहिली तर इंजिन पूर्ण गरम असताना २००० ते २५०० आरपीएमवर दोन मिनिटं धरा, मग अर्धा मिनिट आयडलवर, असं चार-पाच वेळा. गती वाढली की ऑइलचा पुरवठा वाढतो आणि टॅपेटच्या फेऱ्याही वाढतात. प्रत्येक फेरीत हवा मिसळलेलं थोडं ऑइल फटीतून बाहेर जातं आणि त्याच्या जागी चांगलं येतं. बहुतेक टॅपेट यातच बरे होतात. आठवडाभर रोज चालवूनही आवाज गेला नाही, तर मेकॅनिकला आधी गेज लावून ऑइलचं प्रेशर मोजायला सांगा. त्या आकड्याशिवाय हेड उघडायला परवानगी देऊ नका.

थांबावं लागेल अशी एकच वेळ आहे. ऑइलचा लाल दिवा पाच-सात सेकंदांत विझला नाही, किंवा चालताना पुन्हा लागला, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि गाडी उचलून न्या.

*

प्रश्न : माझ्या गाडीच्या टॅपेटचा आवाज येतो म्हणून गॅरेजमध्ये ‘जाड ऑइल घालू, आवाज बसेल’ असं सांगितलं. त्याआधी थोडं डिझेल घालून इंजिन आतून धुऊ, असंही म्हणाले. करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही नको.

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा थंड असताना ऑइल किती वाहतं ते सांगतो, दुसरा इंजिन गरम असताना. तुमच्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असताना १५डब्ल्यू-४० घातलं, तर गरम इंजिनात फटीतून झिरपणं कमी होईल आणि आवाज काही दिवस खरंच बसेल. पण सकाळी थंड ऑइलला वर चढायला जास्त वेळ लागेल, आणि इंजिनाची झीज जास्त होते ती नेमकी तेव्हाच. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत गाडी उभी राहत असेल तर फरक आणखी जाणवेल. आवाज ऐकू येत नाही म्हणून दोष गेला असं समजून माणूस वर्षभर तशीच गाडी चालवतो, याचीच मला जास्त काळजी वाटते.

डिझेलने धुण्याचा प्रकार त्याहून वाईट. डिझेलमुळे ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगवरचा थर तुटतो. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटून चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी बुजली की पंपाला ऑइल मिळत नाही, आणि ज्या टॅपेटसाठी हे केलं त्यालाही नाही. गाळ काढायचा असेल तर हळूहळू काढावा: योग्य ग्रेडचं चांगलं ऑइल घाला, दीड-दोन हजार किलोमीटरवर फिल्टरसकट बदला, मग पुन्हा तसंच. चांगल्या ऑइलमध्ये स्वच्छ करणारी द्रव्यं मुळातच असतात. त्यांना वेळ द्या.

आणि गॅरेजला आधी विचारा, आवाज टॅपेटचाच आहे हे कशावरून? कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. आयडलला ८०० आरपीएम असेल तर एका टॅपेटची टिकटिक मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा येते आणि वरच्या बाजूने ऐकू येते. खालून, जड आणि याच्या दुप्पट गतीने ठोके येत असतील तर ते बेअरिंगचं दुखणं असू शकतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं तरी हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो. तो बहुधा इंजिन तापलं की कमी होतो. डिझेलचे इंजेक्टर तर निरोगी असतानाही टिकटिकतात.

*

प्रश्न : मुंबईत असतो. गावी, कुडाळजवळ, वडिलांची जुनी मारुती ८०० आहे. गणपतीत आणि मे महिन्यातच ती निघते. तिचा टॅपेटचा आवाज प्रत्येक वेळी येतो आणि फिरवली तरी जात नाही. त्या गाडीचे हायड्रॉलिक टॅपेट बदलून मिळतील का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : तुमच्या गाडीत हायड्रॉलिक टॅपेट नाहीतच, त्यामुळे बदलायचा प्रश्न येत नाही. मारुती ८०० च्या रॉकरला स्क्रू आणि नट असतो, आणि व्हॉल्व्हची फट हाताने जुळवावी लागते. ॲम्बॅसॅडर आणि पद्मिनीलाही तेच करावं लागायचं. नव्या गाड्यांत सगळीकडे हायड्रॉलिक आलं, असंही नाही: होंडा सिटीत आय-व्हीटेकच्या काळातही स्क्रूच होता, आणि डस्टरमधल्या रेनॉच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात मोजून बसवलेल्या जाडीचे, बादलीच्या आकाराचे टॅपेट असतात. ऑइलच्या जोरावर फट आपोआप बुजवण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आला तो १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ मध्ये. सोळा सिलिंडरच्या त्या आलिशान गाडीला आवाजच नको होता, आणि तिच्यासाठी पैसे मोजणाऱ्याला दर काही हजार मैलांनी फट जुळवायला लावणंही शोभलं नसतं. मारुती ८०० स्वस्त आणि कुठेही दुरुस्त होणारी गाडी म्हणून घडवली गेली. तिथे स्क्रू हाच योग्य निर्णय होता, आणि तुमच्या उपयोगाला तो आजही येतो.

फिरवूनही आवाज जात नाही, याचं कारण फट वाढली आहे आणि ती आपोआप कमी होणारी नाही. गावातल्याच जुन्या मेकॅनिककडून टॅपेट सेट करून घ्या. काम फार तर तास-दीड तासाचं आहे. ते थंड इंजिनावर, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर, फीलर गेज घालून व्हायला हवं. नुसत्या हाताच्या अंदाजाने नको. फट ठेवायची किती, ते आकडे पुस्तकातून घ्या, आणि इनलेट व एक्झॉस्टचे वेगळे दिले असतील तर वेगळेच ठेवा. आवाज पूर्ण घालवायच्या नादात फट फार कमी करू देऊ नका. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होणार नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळेल. या इंजिनाची थोडी टिकटिक निरोगीपणाची असते.

गाडी कोकणात उभी असते, म्हणून ऑइल किलोमीटरवर न मोजता वर्षावर मोजा. गणपती आटोपून मुंबईला निघायच्या आधी ते बदललंत तर मे महिन्यापर्यंत आत स्वच्छ ऑइल राहील. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केटही त्याच वेळी नवं घाला. टॅपेट सेट करताना कव्हर उघडावंच लागतं आणि जुनं गॅस्केट पुन्हा बसवलं की ऑइल गळायला लागतं.